बंदुकीच्या लायसनच्या नावाखाली ३,१०,००० गेले, ग्वाल्हेरवाल्यांनी नक्की वाचा

आधी आकडा सांगून टाकतो. २५,००० टोकन. १,४०,००० 'दिल्लीची फाइल'. ६०,००० पोलीस व्हेरिफिकेशन 'मॅनेज' करायचे. ८५,००० स्टॅम्प आणि यूआयएन नंबरचे (लायसनवर असतो तो युनिक नंबर). एकूण ३,१०,०००, त्यातले पहिले १,६५,००० कॅश आणि नंतरचे १,४५,००० यूपीआयने. हातात काय आलं तर लॅमिनेशन केलेला एक कागद.

आता लगेच 'लालच केली असेल' म्हणू नका. ग्वाल्हेरजवळ बिलौआला आमचा खडीचा क्रशर आहे, आठवड्याचं पेमेंट घेऊन अंधार पडल्यावर त्या रस्त्याने जावं लागतं, ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. वडिलांची बारा बोरची दुनाली (दोन नळ्यांची बंदूक) वारस म्हणून माझ्या नावावर रीतसर झालेली आहे, पण दुनाली घेऊन माणूस गाडीत कुठे कुठे फिरणार, म्हणून दुसरं हत्यार म्हणून .३२ च्या पिस्तुलाची अर्जी दिली होती. दोन हत्यारं कायद्यात बसतात (२०१९ च्या दुरुस्तीच्या आधी तीन बसायची). सगळं नियमात होतं. फक्त फाइल हलत नव्हती, विचारायला गेलं की 'अभी रिपोर्ट नहीं आई', आणि रिपोर्ट कुठे अडकलाय ते कोणी सांगायचं नाही.

अशा वेळी हा भामटा एजंट भेटला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आपल्याच मराठी लोकांच्या गणपतीत, आरतीनंतर प्रसाद वाटताना, ओळख एका नातेवाइकाने करून दिली, बोलणं एकदम घरच्यासारखं, 'काका, तुम्ही .३२ साठी कशाला नाक घासताय, त्याच मेहनतीत प्रोहिबिटेड बोर होतं, ९ एमएम, ऑटोमॅटिक, ऑल इंडिया.' (प्रोहिबिटेड बोर म्हणजे साध्या लायसनवर बंदी असलेलं हत्यार.) दिल्लीला नॉर्थ ब्लॉकमध्ये, म्हणजे तेव्हा गृह मंत्रालय होतं तिथे, त्याचा कोणी साहेब होता म्हणे. हिने तेव्हाच म्हटलं होतं की ज्याची ओळख मंत्रालयात आहे तो प्रसाद खायला इथे कशाला येईल, पण ते सोडा.

आणि विश्वास का बसला तेही सांगतो, कारण आपला इलाखाच तसा आहे. २००८ ला शिवपुरीत नसबंदी करा आणि बंदुकीचं लायसन लवकर घ्या अशी स्कीम निघालेली सगळ्यांना आठवत असेल, आणि २०१९ ला आपल्याच ग्वाल्हेरात लायसन पाहिजे तर दहा झाडं लावा आणि झाडांसोबत सेल्फी द्या असा हुकूम होता. मग एखादा म्हणाला की 'दिल्लीवरून डायरेक्ट होतं', तर माणसाने कुठल्या तोंडाने म्हणायचं की असं कधी असतं का?

त्याने खेळ केला तो 'ऑटोमॅटिक' वर, हे नीट समजून घ्या. दुकानात ज्याला ऑटोमॅटिक पिस्तुल म्हणतात त्यात एकदा घोडा दाबला की एकच गोळी सुटते, फक्त पुढची आपोआप चेंबरमध्ये येते, .३२ मध्ये ते साध्या लायसनवर मिळतं. आर्म्स ॲक्ट १९५९ ज्याला प्रोहिबिटेड म्हणतो ते ऑटोमॅटिक वेगळं, घोडा दाबून धरला तर मॅगझिन संपेपर्यंत गोळ्या सुटतच राहतात. ते आपल्यासारख्यासाठी नाहीच. आणि ९ एमएम एकेक गोळी सोडणारं असलं तरी प्रोहिबिटेड बोरमध्येच मोडतं. त्याची परवानगी जिल्ह्यातून होत नाही, ते केंद्राच्या गृह मंत्रालयाकडे, आणि तेही ज्याच्या जिवाला अतिरेक्यांकडून गंभीर धोका आहे अशा मोजक्या लोकांना. क्रशरची कॅश ही तिथे काही लायकी नाही. हे सगळं मला आता पाठ आहे, तेव्हा तो दोन्ही गोष्टी एकात मिसळून बोलायचा, '.३२ ऑटोमॅटिक मिळतंच ना काका, मग ९ एमएम का नाही', आणि ऐकायला ते बरोबर वाटायचं.

पण जो राग आहे ना, तो कागदाचा आहे. रात्री गाडी घेऊन आला आणि दारात दिला. सिंहांचा ठसा, माझा फोटो, हत्याराच्या रकान्यात '९ एमएम ऑटो', खाली व्हॅलिडिटी २०२७. मी कपाटातून दुनालीचं लायसन काढून शेजारी ठेवून बघितलं, म्हणजे मी काही आंधळा नाही, तपासलं. दोन्हींवर २०२७. बरं वाटलं. आता हिशोब करा, दुनालीचं रिन्यूअल २०२२ चं आहे, पाच वर्षं, २०२७. आणि ह्या कागदावर इश्यूची तारीख २०२४. म्हणजे तीनच वर्षं! २०१९ च्या डिसेंबरपासून लायसन पाच वर्षांचं झालंय, तीन वर्षांचं बंदच आहे, त्या भामट्याने कुठला तरी जुना फॉर्मॅट उचललेला. दोन्ही कागद एकाच टेबलावर एकाच दिव्याखाली होते आणि मी शेवटचा आकडा जुळला म्हणून चहा टाकायला सांगितला, त्याच्यासाठी!! फोटोवर शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर असतो, इथे शिक्का फोटोच्या आतच होता, म्हणजे छापलेला, तेही आता दिसतं.

व्हेरिफिकेशनला ठाण्यातून कोणी घरी आलं नाही, शेजाऱ्यांना विचारलं नाही, तर समजून जा. त्याचेच तर ६०,००० घेतले होते, कोणी येऊ नये म्हणून. मला तेव्हा ही सोय वाटली.

पुढे त्याला आणखी ४,५०,००० हवे होते, हत्यार 'दिल्ली डेपोतून' उचलायचे. देव पावला म्हणून आधी मी बंदुकीच्या दुकानदाराकडे काडतुसांचं विचारायला गेलो. त्याने कागद हातात पण धरला नाही. म्हणाला, बाबूजी, ह्या कागदावर ती वस्तू घरात आणली असती तर सात ते चौदा वर्षं, आणि जामिनाला पण कोणी उभं राहिलं नसतं. त्याच्याकडे म्हणे जम्मूचे कागद घेऊन पण लोक येतात. ते २०१२ ते २०१६ मधलं जम्मू-काश्मीरचं लायसन प्रकरण, २.७८ लाखांहून जास्त लायसनं, सीबीआयची चौकशी, तरी आपल्याकडे अजून 'बाहेरच्या राज्याचं करून देतो' म्हणणारे फिरतातच. बाहेरच्या राज्याचं म्हटलं की उठून निघा.

आता पोलीस. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, 'आप खरीद क्या रहे थे?' मी लायसन म्हणालो तर मुन्शी हसला आणि शेजारच्याला बोलावून कागद दाखवला, मग तोही हसला. पाऊणशे टक्के वेळ ते मलाच समजावत होते की तक्रार लिहिली तर तुमच्यावरच उलटेल, तुम्ही प्रोहिबिटेड हत्यार घ्यायला निघाला होता. अरे, मी सरकारी परवानगीचे पैसे भरतोय असं समजून दिले, हत्यार काय कट्टा (गावठी पिस्तुल) थोडाच होता! मग म्हणे यूपीआय आहे तर सायबरला जा. सायबरवाले म्हणतात की माणूस समोरासमोर भेटला, कॅश दिली, हे आमचं नाही, ठाण्याचं. ठाणं म्हणतं लायसनचा विषय आहे, शस्त्र शाखेकडून लिहून आणा की हा कागद बनावट आहे. तिथे गेलो तर खिडकीवरचा बाबू म्हणतो की जो कागद आम्ही दिलाच नाही त्याच्याबद्दल आम्ही कसं लिहून देणार. वा रे न्याय. हेल्पलाइनवर तक्रार टाकली, काही दिवसांनी मेसेज आला की आवेदक संतुष्ट आहे, फोर्स क्लोज, म्हणजे तक्रार त्यांनीच बंद केली. कोण संतुष्ट? मला फोन तरी केला का कोणी? माझी .३२ ची खरी फाइल अजून तिथेच पडलीये ती वेगळीच, आणि आता मला भीती की ह्या लफड्यामुळे दुनालीपण जमा करायला सांगतील.

यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० ला फोन करा, मी लाजेपायी थांबलो, तोवर त्या खात्यातून रक्कम पुढे गेलेली. कॅश कोणालाही देऊ नका, सरकारी फीची पावती असतेच. अर्जी एनडालच्या (शस्त्र लायसनच्या सरकारी) पोर्टलवरूनच, फाइल कुठपर्यंत आली तेही तिथेच दिसतं. आणि त्या कागदाचं मूळ ठाण्यात देऊन येऊ नका, आधी झेरॉक्स, पावती घेतल्याशिवाय हातातून सोडायचं नाही. ठाण्याने लिहून घेतलं नाही तर एसपींना पोस्टाने लेखी तक्रार पाठवता येते, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. हे वकिलाने सांगितलं, त्याचे ५,००० वेगळे.

मी पाठवलीये रजिस्ट्रीने. वकील म्हणतो एकट्याच्या तक्रारीत दम नाही, त्याच माणसाने फसवलेले दोघं-तिघं उभे राहिले तर भारतीय न्याय संहितेच्या ३१८ खाली केस लागते. लष्करात अजून दोन घरं मला माहीत आहेत ज्यांच्याकडून त्याने टोकन नेलंय, एकाने तर ४०,००० दिलेत, पण दोघंही म्हणतात 'जाऊ द्या हो, उगाच नाव निघेल'. नाव माझंही निघतंय. गोरापान, चष्मा, उजव्या हातात दोन अंगठ्या, प्रत्येक वाक्यात 'काका', असा कोणी तुमच्याकडे येऊन गेला असेल तर कळवा, एसपी ऑफिसला सोबत जाऊ.