युगांडाची पक्षीसहल आखताना ई-बर्ड आणि मर्लिन: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

युगांडाला पक्षी बघायला जायचं मनात असेल तर एजन्सीचं पत्रक मागवण्याआधी काही आठवडे ई-बर्डवर बसा, हे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. सहलीच्या आधीचे कित्येक महिने, प्रत्यक्ष सहलीत आणि परत आल्यावरही मी ई-बर्ड आणि मर्लिन ही दोन्ही रोज वापरली आहेत. ई-बर्ड म्हणजे जगभरचे पक्षीनिरीक्षक दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या टाकतात ते संकेतस्थळ, मर्लिन म्हणजे पक्षी ओळखायला मदत करणारं ॲप. दोन्ही कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेची, दोन्ही फुकट. आपल्याकडे बहुतेक जण ई-बर्ड फक्त यादी टाकायला वापरतात. भिगवणला गेलो, यादी टाकली, झालं. पण त्याचा खरा उपयोग अनोळखी देशात किती रात्री कुठे राहायचं हे ठरवताना होतो, आणि त्याबद्दल मराठीत फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे सविस्तर.

युगांडा आकाराने महाराष्ट्रापेक्षा लहान. तरी तिथे पक्ष्यांच्या हजाराहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. पूर्वेकडचं गवताळ रान, काँगोच्या खोऱ्याचं जंगल आणि मधे व्हिक्टोरिया सरोवराच्या कडेची दलदल, हे सगळं तिथे एकमेकांना भिडतं. त्यामुळे पहिला मोह होतो तो सगळीकडे जाण्याचा. एजन्सीच्या आराखड्यातही रोज नवं ठिकाण असतं आणि दिवसाचा मोठा तुकडा गाडीत जातो. हा मोह आवरायला मला बार चार्टने मदत केली.

बार चार्ट म्हणजे एखाद्या हॉटस्पॉटवर, म्हणजे ई-बर्डवर नोंदलेल्या पक्षी बघण्याच्या ठिकाणी, कोणता पक्षी वर्षाच्या कोणत्या आठवड्यात किती वेळा नोंदला गेला याच्या हिरव्या पट्ट्या. प्रत्येक महिन्याचे चार भाग केलेले असतात. पट्टी जितकी जाड, तितक्या जास्त याद्यांमध्ये तो पक्षी होता. मी माबाम्बा दलदल आणि बुडोंगो, किबाले, ब्विंडी ही जंगलं असे चारही चार्ट शेजारी शेजारी उघडून बसायचे. तारखा त्यातूनच ठरल्या. नोव्हेंबर ते मार्च उत्तरेकडचे पाहुणे युगांडात असतात, पण त्यातले तुतवार, पिवळा धोबी, माळभिंगरी आपल्याकडेही हिवाळ्यात येतातच. याउलट निळी भिंगरी दक्षिण आफ्रिकेकडच्या डोंगरांत वीण करते आणि तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे साधारण एप्रिल ते सप्टेंबर, माबाम्बाकडे येते. जगात उरलीच थोडी आहे ती. शिवाय मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तिकडचे पावसाचे मोसम. निळी भिंगरी आणि कोरडी वाट दोन्ही एकत्र मिळायची ती जून ते ऑगस्टमध्येच. आम्ही जुलै निवडला.

दुसरं हत्यार टार्गेट स्पीशीज. तुमच्या आयुष्यभराच्या नोंदी ई-बर्डवर असतील, तर एखाद्या प्रदेशात एखाद्या महिन्यात तुम्ही अजून न पाहिलेले पक्षी कोणते आणि ते किती टक्के याद्यांमध्ये दिसतात, हे ते उतरत्या क्रमाने देतं. जुन्या वह्यांमधल्या नोंदी मी आधी कंटाळत कंटाळत चढवल्या होत्या. त्या कष्टाचं इथे सोनं झालं. कवड्या खंड्यासारखे आपल्या ओळखीचे आपोआप गळाले आणि खरी यादी समोर आली.

पण ही टक्केवारी डोळे झाकून घेऊ नका. ब्विंडीच्या रुहिजा भागातून खाली मुबविंडी दलदलीकडे जाणारी पायवाट आहे. तिथला हिरवा ब्रॉडबिल जगात फार थोड्या जागी दिसतो, आणि त्या पायवाटेवरच्या याद्यांमध्ये तो चक्क नेहमीचा वाटतो. कारण तिथे जाणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याच पक्ष्यासाठी जातो आणि बरोबर त्याची जागा माहीत असलेला वाटाड्या असतो. म्हणजे तो आकडा तुम्ही आणि वाटाड्या मिळूनचा असतो. तसंच नकाशावरचे ठिपके रस्त्याकडेला आणि लॉजच्या आवारात दाटलेले असतात. मधल्या कोऱ्या जागेत पक्षी नाहीत असं नाही, तिथे यादी करणारं कोणी गेलेलं नाही. म्हणून मी टक्क्यांवर न थांबता लोकांच्या मूळ याद्या उघडून वाचल्या. किती वाजता सुरू केली, किती तास, किती किलोमीटर, एका जागी उभं राहून की चालत, आणि दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची आहे की मोजक्याच. दिवसभराचं दोनशे किलोमीटरचं सगळं एकाच यादीत कोंबलेलं असेल तर ती आखणीसाठी निरुपयोगी. पहाटेच्या दोन तासांची, तीन किलोमीटरची यादी मात्र सोन्यासारखी. अशा याद्या वाचता वाचता एक गोष्ट स्वच्छ दिसली: जंगलातले अवघड पक्षी एकाच ठिकाणी दोन-तीन सकाळी घालवणाऱ्यांना मिळत होते. एक रात्र राहून पुढे पळणाऱ्यांच्या यादीत संख्या मोठी, पण नेमके तेच पक्षी नाहीत.

म्हणून आम्ही मर्चिसन फॉल्सचं राष्ट्रीय उद्यान सोडलं. हे अनेकांना पटणार नाही, कारण नाईल, धबधबा, हत्ती, सगळं तिथे आहे. पण दलदल आणि जंगल हे एकदा ठरल्यावर माळरानासाठी दिवस तोडणं मला मान्य नव्हतं. ब्विंडीतले गोरिला बघण्याचंही तेच. परदेशी पाहुण्याला त्या एका परमिटचे ८०० डॉलर पडतात. तेवढ्या पैशांत आम्ही ब्विंडीचा मुक्काम वाढवला आणि मला त्याचं आजही समाधान आहे.

माबाम्बाबद्दल थोडं जास्त लिहिते. एन्टेबेहून ती जवळ आहे. नाकिवोगो धक्क्यावरून पाण्याने पलीकडे जाऊन पुढे रस्त्याने पोचता येतं, नाहीतर सगळाच रस्ता धरायचा. २००६ साली तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, जो आपल्या नांदूरमध्यमेश्वरलाही आहे. लाकडी होडीतून पपायरस या उंच पाणगवताच्या भिंतींमधल्या अरुंद वाटांनी जायचं. शूबिल, म्हणजे बुटासारख्या प्रचंड चोचीचा उंच पक्षी, तिथे येतो तो फुफ्फुसमाशासाठी. या माशाला हवा घ्यायला वर यावंच लागतं, आणि शूबिल तरंगत्या गवतावर त्याच क्षणाची वाट बघत न हलता उभा असतो. पूर्वी तिथले कोळी त्याला अपशकुनी मानत. तो दिसला की जाळ्यात मासा येत नाही अशी समजूत होती, आणि त्यापायी तो मारलाही जाई. आज त्याच कोळ्यांच्या घरातली मुलं तो दाखवून घर चालवतात. भिगवणच्या मच्छीमारांना पक्षी दाखवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हा बदल किती मोलाचा आहे ते सांगायला नको. जगात प्रौढ शूबिल फार तर पाच हजारांच्या आसपास आहेत असा अंदाज आहे. चार्टवर त्याची पट्टी वर्षभर जाड दिसते ती या होडीवाल्यांमुळे. आमच्या होडीवाल्याने पाण्यावरच्या कुठल्या चिन्हांवरून दिशा बदलली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कुठलंही ॲप ते शिकवणार नाही.

शूबिल दिसला की परत फिरू नका, हे आवर्जून सांगते. बहुतेक होड्या तेच करतात. आम्ही होडी अख्ख्या सकाळसाठी ठरवली होती. छोटा कमळपक्षी, लांब बोटांची टिटवी, निळ्या छातीचा वेडा राघू, निळ्या डोक्याचा भारद्वाज आणि पपायरसमध्येच राहणारा लाल-काळा पिवळ्या डोक्याचा गोनोलेक, हे सगळं नंतरच्या वेळात मिळालं. निळी भिंगरीही.

आता मर्लिन. त्यातले प्रदेशाचे पॅक घरूनच उतरवून घ्या, म्हणजे फोटो, नकाशे आणि आवाज नेटवर्क नसतानाही मिळतात. रुहिजाला मुक्कामात आम्हाला रेंज जवळजवळ नव्हतीच. आवाज ऐकून आपोआप नाव सांगणाऱ्या सोयीवर मी आफ्रिकेच्या जंगलात भिस्त ठेवली नाही आणि तुम्हीही ठेवू नका. मी मर्लिनचा उपयोग केला तो आवाजांचा अभ्यास करायला. त्याच्या जोडीला ई-बर्डवरची प्रश्नमंजूषा: ठिकाण आणि तारीख निवडली की ती तिथले वीस फोटो किंवा आवाज समोर ठेवते. किबाले, जुलै, आवाज, असं निवडून लोकलमध्ये कानात घालून बसायचे. जंगलातले बुलबुल, ज्यांना तिकडे ग्रीनबुल म्हणतात, ते सगळे शेवाळी आणि सगळे सारखे. दुर्बिणीतून ओळखायला गेलात तर जीव मेटाकुटीला येईल. आवाज मात्र वेगवेगळे. ज्यांचे आवाज पाठ झाले होते ते मला जंगलात लगेच सापडले. सगळ्या सहलीत सर्वात जास्त फळ देणारी तयारी कुठली असं विचाराल तर हीच.

किबालेत हिरव्या छातीच्या पिट्टासाठी उद्यानाच्या कान्यान्चू केंद्राहून रेंजरबरोबर अंधारातच निघावं लागतं, कारण तो उजाडता उजाडता फांदीवर उड्या मारत फुर्र आवाज करतो आणि मग जमिनीवर उतरून गप्प होतो. आपला नवरंग पावसाळ्यात कोकणात किती ओरडतो! हा त्याचाच भाऊबंद, पण त्याच्यासाठी आम्हाला एकाहून जास्त पहाटा लागल्या. एकच रात्र ठेवली असती तर तो हुकला असता. तिथून जवळच बिगोडीची दलदल आहे, गावकऱ्यांच्या संस्थेने जपलेली, आणि तिथल्या शुल्कातून गावच्या शाळेला पैसा गेला आहे. मोठा निळा तुराको तिथे अगदी डोक्यावरून उडतो. दुपारही वाया जात नाही.

बुडोंगोच्या रॉयल माइलवर रुंद वाट आहे, दोन्ही बाजूंना महोगनीची उंच झाडं, मान दुखेपर्यंत वर बघायचं. चॉकलेटी पाठीचा खंड्या आधी ऐकू येतो, दिसायला वेळ घेतो. ब्विंडी मात्र या सगळ्यांहून वेगळं. ३२१ चौ. किमी, १९९४ पासून जागतिक वारसा, सुमारे ३५० जातींचे पक्षी, आणि त्यातले २३ फक्त अल्बर्टाइन खचदरीच्या परिसरातले. बुहोमा खाली, रुहिजा वर. दोन्हीकडे राहिलंच पाहिजे, कारण उंचीबरोबर पक्षी बदलतात. बुहोमाला काळा वेडा राघू, रुहिजाला राजस शिंजीर आणि पट्टेरी छातीचा रामगंगा. मिश्र थवा आला की मिनिटभरात निघून जातो, तेव्हा फोनमध्ये डोकं घालायचं नाही, नंतर लिहायचं. मुबविंडीला उतरताना मजा वाटते, परतीची चढण दमवते, गुडघे धड असतील तरच जा. रात्री रुहिजाला स्वेटर लागतो.

नोंदींबद्दल एक सांगायचं राहिलं. तिथे यादी टाकल्यावर एका नोंदीबद्दल स्थानिक तपासनीसाचा प्रश्न आला: वर्णन द्या, फोटो आहे का? मला ते फार आवडलं. ज्या आकड्यांवर मी महिनोन्महिने विसंबले, ते कोणीतरी असे हाताने चाळून ठेवले आहेत. आणखी एक: पिंजऱ्यासाठी पकडल्या जाणाऱ्या पक्ष्यांची नेमकी ठिकाणं ई-बर्ड उघड करत नाही, आफ्रिकेचा करडा पोपट त्यातलाच. आखताना ही अडचण वाटते, पण ते तसंच असायला हवं.

जे ई-बर्डवर मिळत नाही ते थोडक्यात. नकाशा प्रवासाला जितके तास दाखवतो त्यात बरीच भर घाला. राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क चोवीस तासांचं असतं, म्हणून आत शिरायची वेळ विचारपूर्वक ठरवा. डॉलरच्या जुन्या किंवा फाटक्या नोटा कोणी घेत नाही. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात बसवतात. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. गडद निळे आणि काळे कपडे नेऊ नका, त्से-त्से माश्या त्यांच्याकडे ओढल्या जातात. आणि स्थानिक वाटाड्यावर पैसे वाचवू नका. तिथे आता स्त्री-वाटाड्याही तयार झाल्या आहेत, त्यांची युगांडा वूमेन बर्डर्स क्लब अशी संघटनाही आहे. आमच्याबरोबर ब्विंडीत जी मुलगी होती तिचे कान विलक्षण होते.

सध्या मी केनियाचे चार्ट उघडून बसले आहे. पश्चिमेला काकामेगाचं जंगल, किनाऱ्याला अराबुको-सोकोके, मधे प्रचंड अंतर. पुन्हा तोच प्रश्न, दोन्ही घ्यायचे की एकच नीट. किनाऱ्याच्या जंगलात राहणाऱ्या छोट्या सोकोके घुबडासाठी किती जणांना किती रात्री लागल्या, ते मी एकेक यादी उघडून वाचते आहे. कोणी अलीकडे तिथे जाऊन आलं असेल तर आपल्या याद्या वेळ आणि अंतरासकट टाका. माझ्यासारखे वाचणारे पुष्कळ आहेत.