चमकणाऱ्या डॅशबोर्डखाली काय झाकलं होतं

मोबाइलचा होल्डर काढला आणि डॅशबोर्डवर डबल टेपचा नाण्याएवढा चिकटा तसाच राहिला. नखाने निघेना, ओल्या फडक्याने तर आणखी काळा पडला. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावरही जुन्या स्टिकरचा तसाच एक होता. गाड्या आतून साफ करून देणाऱ्या एकाला दोन्ही दाखवले. "स्पेशल केमिकल आहे, दोन मिनिटांचं काम," म्हणाला. बाटली साधी पाण्याची, वर लेबल नाही. आत काय आहे विचारलं तर "कंपनीचं असतं" एवढंच उत्तर मिळालं. तरी मी गाडी त्याच्या हवाली केली, याचं आजही वाईट वाटतं.

गाडी परत मिळाली तेव्हा डॅशबोर्ड काळाभोर चमकत होता. दार उघडताच नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला. ग्लोव्ह बॉक्सचा डाग तो विसरला होता, पण चमक बघून मी पैसे देऊन टाकले.

चौथ्या दिवशी धूळ पुसायला ओलं फडकं फिरवलं, तर फडक्यावर तेलकट थर आला आणि खालून तळहाताएवढा पांढुरका पट्टा निघाला. प्लास्टिकवर बारीक दाण्यांची नक्षी असते ना, ती तेवढ्या भागात विरघळून सपाट झाली होती. म्हणजे पॉलिश शोभेसाठी नव्हतं, नुकसान झाकायला होतं.

जाब विचारला तर म्हणे, "गोंदानेच प्लास्टिक खाल्लं होतं." पण माझ्याकडे आधीचा फोटो होता. चिकटा नाण्याएवढा आणि पट्टा तळहाताएवढा. शिवाय पट्ट्याच्या कडा गोल गोल, फडकं घासलं की उमटतात तशा. गोंद असा पसरत नाही. वासावरून माझी खात्री आहे की बाटलीत ॲसिटोन किंवा थिनर होतं. गाडीच्या आतले बरेच भाग एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या जातीच्या प्लास्टिकचे असतात आणि ॲसिटोन या दोन्हींची वाट लावतं. पॉलिप्रॉपिलीन या तिसऱ्या प्लास्टिकला मात्र त्याने सहसा काही होत नाही. त्यामुळे एका गाडीत काम बिनबोभाट होतं, दुसरीत प्लास्टिक जातं, आणि असल्या लोकांचं निभावून जातं.

राहिलेला डाग मग मीच काढला. हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतपतच गरम केलं, जुन्या प्लास्टिक कार्डाने कड उचलली आणि अंगठ्याने गोंदाच्या वळ्या करत गेलो. उरलेल्यावर खायच्या तेलाचा थेंब लावून दहा मिनिटं थांबलो, मग सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या मायक्रोफायबर कापडाने पुसलं. झाकणावर खूणसुद्धा नाही. एवढ्याने निघाला नाही, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्या, थेट ओतू नका, आणि आधी दिसत नाही अशा कोपऱ्यात लावून बघा. मीटरच्या पारदर्शक काचेवर मात्र नको. ती बहुधा ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची असते, अल्कोहोलने तिला बारीक तडे जाऊ शकतात. स्क्रीनवर अमोनियावाला काच-क्लीनर नको, वरचा लेप जातो. पांढरा मेलामाइन स्पंजही टाळा, तो मऊ लागला तरी बारीक पॉलिश पेपरसारखा घासतो.

त्याच माणसाने दाराची चिकट झालेली बटणंही "साफ करून देतो" म्हटलं होतं. रबरासारखा लेप असलेली बटणं आपोआप चिकट झाली असतील, तर तो मळ नसतो, लेपच कुजत असतो. साफ करणं म्हणजे तो खरवडून काढणं, आणि ते आधी सांगितलं पाहिजे.

काम करून घेणारच असाल तर बाटलीवरचं लेबल वाचा, डागाचा जवळून फोटो काढून ठेवा आणि पॉलिश मारू नका असं आधीच बजावा. पैसे देण्याआधी ती जागा ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि उजेडात तिरकं बघा.

मी फोटो दाखवला तेव्हा तो म्हणाला, "पुन्हा पॉलिश मारून देतो, फुकट. दिसणार नाही." मी नको म्हटलं. बाटलीत काय होतं, ते त्याने अजूनही सांगितलेलं नाही.