लेओव्हिल बार्टन २०१४: काही महिन्यांच्या सहवासानंतर

आधी निकाल सांगतो. फ्रान्समधल्या बोर्दो प्रांताची जुन्या वळणाची रेड वाइन म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने एकदा तरी लेओव्हिल बार्टन प्यावी. पण घाईने पिऊ नये. मी २०१४ सालची पेटी गेल्या हिवाळ्यात घेतली. तेव्हापासून अधूनमधून एखादी बाटली उघडतो आहे आणि दर वेळी हेच पटत गेलंय.

बूच काढल्या काढल्या ही वाइन फारसं काही बोलत नाही. वास जेमतेम, आणि पहिल्या घोटाला हिरड्या आवळून धरणारा तुरटपणा. अनेकजण इथेच नाराज होतील. डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, ओतून दोनेक तास ठेवली की आधी ब्लॅककरंट या काळ्या आंबटगोड बेरीचा वास वर येतो, मग देवदाराच्या लाकडाचा आणि नुकतंच टोक काढलेल्या पेन्सिलीचा वास. तुरटपणा जात नाही, पण त्याचा खरखरीतपणा जातो. एकदा अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली होती. दुसऱ्या संध्याकाळी ती पहिल्या दिवसापेक्षा सरस लागली. फळ जास्त गोड वाटलं आणि घोट गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळली. इतक्या वर्षांनंतरही वाइनमध्ये केवढा दम शिल्लक आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

हा स्वभाव जमिनीतून येतो. जिरोंद नदीमुखाच्या डाव्या काठावर बोर्दोच्या मेदोक भागात सँ-ज्युलियँ नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या खडीच्या जमिनीत पाणी साचत नाही, शिवाय खडी दिवसभराची ऊब धरून ठेवते. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाला हेच हवं असतं. या वाइनमध्ये सर्वांत मोठा वाटा त्याचाच, बाकी बहुतेक मर्लो आणि थोडं कॅबर्ने फ्रँ ही द्राक्षं. २०१४ चा ऑगस्ट थंड गेला, पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लांबलेल्या उन्हाने पीक सावरलं. म्हणून या सालात जडपणा नाही. जिभेवर एक स्वच्छ, ताजी आंबट धार आहे आणि मला तीच सर्वांत आवडते.

समीक्षकांचं काय? १८५५ मध्ये नेपोलियन तिसऱ्याच्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभाव पाहून प्रतवारी लावली. त्यात लेओव्हिल बार्टन दुसऱ्या श्रेणीत आहे आणि आजही तिथेच आहे. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ मध्ये आपलं वार्तापत्र सुरू केलं, शंभर गुणांची पद्धत रुजवली आणि १९८२ च्या हंगामाची तोंडभरून स्तुती केली. त्यानंतर बोर्दोत बऱ्याच ठिकाणी अधिक पिकलेल्या, अधिक गडद, ओक लाकडाचा भरपूर वास असलेल्या वाइनकडे कल झुकला. बार्टन कुटुंब मात्र आपल्या चालीवर राहिलं. मूळचं आयर्लंडचं हे घराणं १८२६ पासून या मळ्याचं मालक आहे. १९८३ मध्ये काकांकडून कारभार हाती घेतलेल्या अँथनी बार्टन यांनी सगळे भाव चढवत असतानाही आपले दर आवाक्यात ठेवले. २०२२ मध्ये ते गेले, पण पिणाऱ्यांच्या मनात त्यांच्याविषयीचा आदर टिकून आहे. माझ्याही.

समीक्षक या वाइनला अभिजात, कडक, संयम मागणारी म्हणतात. ते खरं आहे. मला खटकतात ते वसंतातले गुण. द्राक्षं तोडल्याला जेमतेम सहा महिने झालेले असताना पिंपातला नमुना चाखून ते जाहीर होतात, तेव्हा वाइन बाटलीत भरायला एक वर्षाहून अधिक अवकाश असतो. इतक्या तुरट वाइनचा त्या वयात काय अंदाज बांधणार? खरेदी करताना दहा वर्षांनी पुन्हा चाखून लिहिलेली टिपणं वाचा, ती कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

जेवणाचं सांगायचं तर भाजलेल्या कोकराच्या मांसाबरोबर ही वाइन खुलते, कारण मांसातली चरबी आणि प्रथिनं तुरटपणाला धरून ठेवतात. तांबड्या रश्शाबरोबर मात्र नको. तिखटाने अल्कोहोल जाळतं, तुरटपणा दुप्पट वाटतो आणि दोन्ही चवींची माती होते. बिनतिखटाच्या, मिरी घातलेल्या सुक्या मटणाशी चांगलं जुळलं. आणि रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा नेहमीचा सल्ला पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात पाळू नका. सोळा ते अठरा अंश पाहिजे, म्हणून आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. जुन्या बाटलीच्या तळाशी गाळ असतो, तेव्हा आदल्या दिवशी ती उभी करून ठेवा.

उरलेल्या बाटल्यांना मी आणखी काही वर्षं हात लावणार नाही. ज्यांना या वर्षीच प्यायची आहे त्यांनी याच मळ्याची दुसरी वाइन, ‘ला रेझेर्व्ह द लेओव्हिल बार्टन’, घ्यावी. ती स्वस्त आहे आणि लवकर पिण्याजोगी होते.