नवीन रंगावर लगेच वॅक्स नको म्हणणारं लातूरचं गॅरेज

लातुरात गाडी फुल पेंट करायची असेल तर डोळे झाकून इथं टाका. रंग तर चांगलाच मारतात पण मी रिव्ह्यू लिहायलोय तो रंगानंतर ह्यांनी जे सांगितलं त्यासाठी, कारण ते कुणीच सांगत नाही.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा गॅरेजवाल्या चाचांना मीच म्हणलं की चाचा आजच्या आज वॅक्स नायतर कोटिंग करून टाका, पैशाचं बघू. दुसरीकडं विचारलं होतं तिथं तर डिलिव्हरीच्या दिवशीच कोटिंग मारून देतो म्हणत होते. चाचांनी सरळ नाही म्हणलं. म्हणले, "दादा, वरून सुकलाय, आतून अजून ओलाच हाय. दोन महिने त्याला काहीच लावू नका."

गोष्ट अशी आहे की कंपनीत नवी गाडी रंगवतात तेव्हा नुसतं शेल म्हणजे रिकामी लोखंडी बॉडी असते, ते भट्टीत १४० डिग्रीच्या आसपास भाजून निघतं, म्हणून शोरूमच्या गाडीला पहिल्या दिवशी वॅक्स लावलं तरी चालतं. गॅरेजात वायरिंग, प्लास्टिक, सीट सगळं गाडीतच असतं, तिथं एवढी उष्णता देताच येत नाही. ज्यांच्याकडं हीटवाला बूथ, म्हणजे रंग तापवून सुकवायची बंद खोली आहे ते ६० डिग्रीपर्यंत तापवतात, ह्यांच्याकडं फक्त धूळ न येणारी बंद खोली अन् एक्झॉस्ट फॅन आहे, त्यामुळं रंगातलं अन् त्यावरच्या पारदर्शक थरातलं, म्हणजे क्लिअर कोटमधलं थिनर पुढं कितीतरी दिवस हळूहळू उडत राहतं. त्याच्यावर वॅक्सचा थर बसला की थिनर आत अडकतं, मग शाईन मरते, कधी बारीक फोड येतात. किमान ३० दिवस तरी थांबावं, बिनभट्टीच्या रंगाला ६० ते ९० दिवस दिलेले बरे. आपल्याकडं बूथ नाही हे चाचांनी स्वतःहून सांगितलं, हे मला फार आवडलं.

मग तोपर्यंत रंग सांभाळायचा कसा, तर पहिला आठवडा धुवायचीच नाही. नंतर सावलीत, बॉडी गार असताना, साधं पाणी अन् कार शाम्पू. भांड्याचा साबण नको, ब्रशवालं वॉशिंग सेंटर तर अजिबात नको, अन् बोअरचं पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही. लातूरचं पाणी किती जड आहे ते घरच्या नळाच्या तोटीवर दिसतंच, तोच पांढरा क्षार बॉनेटवर ठिपके पाडतो, म्हणून लगेच मायक्रोफायबरनं टिपून घ्यायचं, घासायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळी उठून कोरडं फडकं मारायची सवय सोडा. आपल्याकडं वर्षभर धूळ, त्यात गाळप सुरू झालं की कारखान्याची काळी काजळी उडून येते, ती कोरड्या फडक्यानं ओढली की उन्हात बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. आधी पाण्यानं वाहून जाऊ द्या. चिमणी कावळ्याची घाण पडली तर ओला कापूस त्यावर थोडा वेळ ठेवून अलगद उचला, ती आंबट असते अन् नवा रंग लवकर खाते. कव्हर पण घालू नका, रंगाला हवा लागते.

दोन महिन्यांनी बोलावलं तेव्हा गाडी धुवून सावलीत घेतली अन् पोरानं कार्नोबाची पेस्ट लावली. हे ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानावरचं मेण असतं. एकावेळी एकच पॅनल, थर इतका पातळ की दिसायलाही नको. धुरकट झालं की बोट फिरवून बघायचा, खालून स्वच्छ चमक निघाली की पुसायचं. काळ्या प्लास्टिकवर पेस्ट लागू नये म्हणून कडंला टेप लावली होती, एवढी काळजी घेणारा पोरगा मी पहिल्यांदा बघितला. नंतर दारावर पाणी मारलं तर थेंब गोल होऊन घरंगळायले.

एक ध्यानात ठेवा, पॉलिश वेगळं अन् वॅक्स वेगळं. रबिंग पॉलिश वरचा थर थोडा घासून काढतं, वॅक्स फक्त वर बसतं. काही लोक दर महिन्याला पॉलिश मारून घेतात, त्यानं क्लिअर कोट पातळ होत जातो. आपल्या मे महिन्यात वॅक्स फार टिकत नाही, दोन-तीन महिन्यांनी परत एक हात द्यावा लागतो, पण ते घरी पण जमतं.

तक्रार एकच, सांगितलेल्या तारखेला गाडी मिळत नाही. फोन पण एका झटक्यात उचलत नाहीत. खोलीत एकच गाडी मावते म्हणून दिवाळीच्या आधी किंवा लग्नसराईत रंगवायची असेल तर बरंच अगोदर जाऊन नंबर लावा, अन् मेटॅलिक रंग असेल तर शेड उन्हात गाडीजवळ धरून जुळवून घ्या, चाचा स्वतः बाहेर येऊन दाखवतात.