टाचेचं हाड: मोठा छेद की छोटा?

माडावरून पडलेल्या पाडेल्याची (नारळ काढणाऱ्याची) टाच बहुधा सांध्यापर्यंत फुटलेली असते. ती जोडायच्या ऑपरेशनच्या जुन्या पद्धतीत बाहेरच्या बाजूला इंग्रजी एलसारखा मोठा छेद घेतात. हाड मोकळं दिसतं, हाड धरून ठेवणारी धातूची प्लेट नीट बसते. पण सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत, बऱ्याचदा दहा-चौदा दिवस, थांबावं लागतं आणि छेदाच्या कोपऱ्यावरची कातडी काळी पडण्याची, पू होण्याची भीती राहते. विडी ओढणारा किंवा मधुमेही असेल तर जास्तच.

घोट्याखालचा तीन-चार सेंटिमीटरचा छेद लवकर घेता येतो, जखमही कमी चिघळते. सांधा दिसतो, बाकीचं एक्स-रेवर बघत जुळवायचं. त्याला सरावाचा हात हवा. तसा सर्जन असेल तर मी छोटाच छेद निवडेन. फारच चुरा झाला असेल तर मोठा. पाय टेकायला दोन्हींत आठवडे लागतात.