तलाव एक, नगरपालिका अनेक: सर्व्हिसला किती स्टार?

हॉटेलांचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, मी आज एका सरकारी सर्व्हिसचा टाकतोय. तलावाकाठची सगळी गावं-शहरं मिळून तलाव आणि त्याचा काठ सांभाळतात ना, ती सर्व्हिस. म्हणजे सांभाळतात असं म्हणायचं, बहुतेक ठिकाणी बारभाईची शेती असते. तक्रार घेऊन गेलात तर पाणी आमच्याकडे नाही, नाला वरच्या गावाचा, काठ शेजारच्या वॉर्डात, आणि तोवर इकडे शेवाळ वाढतंय.

पण जमलेली ठिकाणंही आहेत, आधी त्यांचं सांगतो.

फ्रान्समधलं आन्सी. 1957 साली काठावरच्या 8 गावांनी मिळून एक संयुक्त संस्था काढली. पॉल सर्व्हेताझ नावाचे एक डॉक्टर तलाव बिघडतोय म्हणून आधीपासून ओरडत होतेच. यांनी काय केलं तर तलावाला वळसा घालून सांडपाण्याची मोठी लाइन टाकली आणि सगळं खाली नेऊन शुद्ध करून नदीत सोडलं, तलावात शुद्ध केलेलंही नाही. हे का, तर त्या काळच्या प्लांटमधून घाण जायची पण फॉस्फरस बराचसा पाण्यातच राहायचा, आणि शेवाळाला तेवढंच हवं असतं. आठ गावांनी खिशात हात घातला, एक पाइप टाकला, विषय संपला. पाच स्टार.

दुसरं अमेरिकेतलं सिएटल आणि त्याच्या शेजारचं लेक वॉशिंग्टन. इथली स्टोरी मला जास्त आवडते कारण इथे आधी लोकांनीच नाही म्हटलं! मार्च 1958 मध्ये मतदान झालं तेव्हा मेट्रो नावाच्या संयुक्त संस्थेला सांडपाणी, वाहतूक, प्लॅनिंग सगळंच द्यायचं होतं, सिएटलबाहेरच्या गावांना वाटलं हे मोठं शहर आपल्याला गिळणार, पडलं ते. मग सप्टेंबरमध्ये फक्त सांडपाणी ठेवून परत आणलं आणि पास. 1963 ते 1968 मध्ये तलावात येणारं सांडपाणी वळवलं. पाणी किती स्वच्छ ते बघायला एक पांढरी तबकडी खाली सोडतात, ती आधी मीटरभरातच गायब व्हायची, 1970 च्या आसपास तीनेक मीटरपर्यंत दिसायला लागली. आता शुद्ध केलेलं पाणी प्युजेट साउंड या शेजारच्या खाडीत सोडलं म्हणजे भार थोडाफार तिकडे ढकललाच की, त्यामुळे अर्धा स्टार कापतोय. साडेचार.

युरोपातल्या बोडेन्झे तलावाचं पटकन. जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया असे तीन देश, मोठ्या भागात पाण्यावरची हद्द कुठून जाते यावर आजही एकमत नाही, तरी 1959 पासून एकत्र आयोग चालतो आणि फॉस्फरस खाली आलाय. उलट आता मच्छीमार म्हणतात पाणी इतकं स्वच्छ झालं की मासेच कमी. ग्राहक कधी खूश नसतो.

आता खरी बोंब. वर जे जे चांगलं झालं त्यात पाइपचा वाटा मोठा बघा. जमिनीखालून जातो, कोणाच्या डोळ्यात येत नाही, खर्च वाटून घेतला की झालं. काठ म्हटलं की कोणाची जेट्टी, कोणाच्या बंगल्यासमोरचा व्ह्यू, कोणाची कर भरणारी जमीन. तिथे परवानगीचा शिक्का कोणी सोडत नाही.

टाहो तलावाचं बघा. कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांनी 1969 मध्ये करार करून वेगळी एजन्सीच बनवली, दोन्हीकडचे सात-सात मेंबर मत देतात, आणि प्रोजेक्ट पास करायचा तर एकूण नऊ मतं तर लागतातच, शिवाय तो ज्या राज्यात आहे तिथली पाच. कागदावर एकदम मजबूत. पण नवीन जेट्टी किती, बोटी कुठे बांधायच्या यावरचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं, ते शेवटी 2018 च्या आराखड्यात मिटलं. बाकी कामाला चार, काठाला अडीच स्टार.

आणि परत लेक वॉशिंग्टन, कारण तिथेच हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. पाण्याला संयुक्त संस्था मिळाली, काठाचं काय? तर 1971 च्या राज्याच्या कायद्याखाली प्रत्येक शहर काठाचे आपापले नियम करतं, राज्य ते तपासून मंजूर करतं, पण रोजचं परमिट शहराच्या हातात. तोवर घरटी भिंत, घरटी धक्का हे कधीच होऊन गेलेलं. काठाचा साधारण 70 टक्के भाग दगडांनी नाहीतर भिंतींनी बांधलेला निघाला. एक भिंत कोणाला खुपत नाही हो, पण लाटा तिच्यावर आपटून परत फिरतात, पायथ्याची वाळू ओढून नेतात, आणि सॅमन माशांची पिल्लं ज्या उथळ पाण्यात वाढतात तेच संपतं. कोणा एका शहराने चूक केली असंही म्हणता येत नाही.

तुमच्याकडे अशी संयुक्त समिती होणार असेल तर उद्घाटनाचे फोटो बघू नका, दोनच गोष्टी विचारा. तिचा स्वतःचा पैसा आहे का, आणि काठावरच्या भिंतीला ती नाही म्हणू शकते का. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही असं उत्तर आलं तर पोहायला बिनधास्त जा, बदकं बघायला मात्र दुसरा तलाव शोधा.