मायक्रोफ्लुइडिक चिप: ठोकळे जोडून की एकसंध ओतून?

विदर्भातल्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजणारी मायक्रोफ्लुइडिक चिप (बारीक वाहिन्यांतून द्रव नेणारी लहानशी पट्टी) हा नागपूरच्या कॉलेजांना साजेसा प्रोजेक्ट आहे. पाणी आणि रंगद्रव्य बारीक वाहिनीत मिसळायचं आणि रंग किती फिका पडला ते बघायचं. पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडची मर्यादा माहीतच आहे: लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५.

रुळलेली वाट पीडीएमएसची, म्हणजे पारदर्शक सिलिकॉन रबराची. साच्यावर मूळ द्रव आणि घट्ट करणारं द्रव्य यांचं १०:१ मिश्रण ओतायचं, व्हॅक्यूमने बुडबुडे काढायचे, ओव्हनमध्ये घट्ट करायचं, ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) देऊन काचेला चिकटवायचं. चिप पारदर्शक होते, वाहिन्या काही मायक्रॉनपर्यंत बारीक जातात, पेशी वाढवायच्या तर त्यांना हवाही मिळते. पण आराखड्यात एक वळण बदललं की साचा नवा. त्यात आपला मे महिना! तापलेल्या खोलीत मिश्रण ओतण्याआधीच घट्ट होऊ लागतं. कूलर लावावा तर धूळ नेमकी चिकटवायच्या जागी बसते. एसीची बंद खोली नसेल तर उन्हाळ्यात या भानगडीत पडूच नये.

ठोकळ्यांचं तसं नाही. प्रत्येक ठोकळ्यात वाहिनीचा एक तुकडा, आणि ठोकळे एकमेकांना जोडले की चिप तयार. एमआयटीच्या क्रिस्टल ओवेन्स आणि जॉन हार्ट यांनी २०१८ मध्ये चक्क लेगोच्या ठोकळ्यांत वाहिन्या कोरल्या, वर पारदर्शक फिल्म लावली आणि जोडांत ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) बसवल्या. लेगोचे ठोकळे मापाला इतके पक्के की वाहिनीचं तोंड तोंडाला बरोबर लागतं.

खरा फायदा मिसळण्यात. इतक्या अरुंद जागेत प्रवाह घुसळत नाहीत, शेजारी शेजारी सरकतात. मिसळणं फक्त विसरणाने (डिफ्यूजन, म्हणजे कण आपोआप पसरत जाणं), आणि रुंदी दुप्पट केली की वेळ चौपट. नागमोडी वाहिनी किती लांब हवी हे पाणी सोडल्यावरच नीट कळतं. कमी पडली तर तेवढाच ठोकळा बदला.

खोट जोडांत आहे. तिथे बुडबुडा अडकतो, आधीचा नमुना थोडा मागे राहून पुढच्यात मिसळतो. म्हणून मधे भरपूर धुवायला लागतं. लेगोचं एबीएस प्लास्टिक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. टोल्युइनमध्ये पीडीएमएसही फुगतं, तेव्हा अशा सॉल्व्हंटच्या (विरघळवणाऱ्या द्रवांच्या) कामाला दोन्ही नकोत. थ्रीडी प्रिंटरचे ठोकळे सोपे वाटतात, पण बहुधा धूसर निघतात आणि रंग वाचताना त्रास देतात.

फ्लोराइडच्या चिपसाठी मी ठोकळेच घेईन. पेशी किंवा अगदी सूक्ष्म थेंब असतील तर पीडीएमएस, तेही दिवाळीनंतर. ठोकळे घेतलेत तर नमुना घालण्याआधी रंगीत पाणी सोडा आणि प्रत्येक जोडाखाली टिपकागद ठेवा.